पोरांना बीचवर नेताय? आधी तिथी बघा
कोकणात लहान पोरांना घेऊन जाताना हॉटेलच्या आधी कालनिर्णय उघडा, खरंच सांगते. आपल्याकडे जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते, म्हणजे चतुर्थीला चार गुणिले पाऊण, तीनच्या सुमारास भरती आणि त्याच्या सहा तास मागेपुढे ओहोटी, म्हणजे सकाळी नऊला. वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज धरू नका. दापोलीजवळ मुरुड, कर्दे असे सपाट किनारे असतील तर ओहोटीला पाणी बरंच आत जातं, मागे ओली घट्ट वाळू उरते, तिथे पोरं खेकड्यांची बिळं आणि त्याभोवतीच्या वाळूच्या बारीक गोळ्या बघत तासभर रमतात, पाण्यात जायचा हट्टच नाही. पौर्णिमा-अमावस्येला मात्र भरती मोठी, पिशव्या-चपला लांब ठेवा. (आमची एक चप्पल गेलीच.) उतरणाऱ्या पाण्याला ओढ असते, म्हणून घोट्याएवढ्या पाण्यातही हात सोडायचा नाही. आणि हो, पायाची वाळू टॉवेलने घासू नका, पोरं रडतात, पाय सुकू द्या, थोडी टाल्कम पावडर चोळा, झटकली की निघते.