डाळिंबाचा गढूळ रस नितळ कसा करायचा

चमचाभर रस पाच चमचे स्वच्छ पाण्यात घाला आणि ग्लासामागे वर्तमानपत्र धरा. बारीक अक्षरं स्पष्ट वाचता आली, तर पुढची खटपट करायची गरज नाही. वाचता आली नाहीत, तर अंधारात मोबाइलचा टॉर्च ग्लासाच्या बाजूने मारा. कण मोठे असतील तर ते तरंगताना दिसतात. कण न दिसता रसातून उजेडाचा सलग पट्टा जाताना दिसला, तर गढूळपणा अतिसूक्ष्म आहे आणि तो गाळण्याने जाणार नाही. या दोन प्रकारांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो: दुसऱ्या प्रकारचा रस ते कापडातून चार-चार वेळा गाळत बसतात.

निम्मा गढूळपणा रस काढतानाच तयार होतो. दाणे मिक्सरच्या पात्यात फिरवले की आतली बी फुटते. तिचा भुसा, तेल आणि तुरटपणा रसात उतरतो आणि हा भुसा लवकर तळाशी बसत नाही. फळ सालीसकट दाबलं तर सालीतलं आणि पांढऱ्या पडद्यांतलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, येतं. म्हणून फळ सोलून, पापुद्रे वेचून फक्त दाणे घ्या, कापडाच्या पुरचुंडीत बांधा आणि हाताच्या प्रेसमध्ये किंवा जड वरवंट्याखाली दाबा. पहिला रस आपसूक गळतो, तो सर्वांत नितळ असतो. शेवटचा पिळून काढलेला रस वेगळ्या भांड्यात ठेवलेला बरा. भगवा जातीच्या १२ ते १४ किलो डाळिंबांतून साधारण ५ लिटर रस मिळतो.

सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर भागातून येणाऱ्या मालात तेल्या या डाळिंबावरच्या रोगाचे डाग पडलेली फळं स्वस्त मिळतात. डाग सालीपुरताच असेल तर आतले दाणे रसाला चालतात. तडा दाण्यांपर्यंत गेलेलं किंवा आत काळे दाणे असलेलं फळ मात्र अख्खं टाकून द्या, चांगली बाजू कापून वापरू नका.

गाळायला मांजरपाट वापरा. सोलापूर टॉवेलचं गाव असलं तरी टॉवेलचं कापड इथे कामाचं नाही. त्याचे फंदे रस पितात आणि तंतू सोडतात. कोऱ्या कापडाची आणखी एक गोम आहे. विणण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावलेली असते आणि ती स्टार्चची असेल तर रसात उतरून त्याला दुधाळ करते. कापड दोनदा उकळा, खळखळून धुवा आणि शेवटच्या धुवणात टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. पाणी निळं-काळं झालं तर खळ शिल्लक आहे, पुन्हा उकळा. ही परीक्षा धुवणाच्या पाण्यातच करायची. रसात केली तर त्याच्या लाल रंगात काही कळत नाही.

भांडी स्टीलची किंवा काचेची हवीत. लोखंड टॅनिनशी मिळून रस काळपट करतं, तांब्या-पितळेचाही रंगावर वाईट परिणाम होतो.

आधी तापवा, मग निवळा

हा क्रम उलटा केला की सगळी मेहनत वाया जाते. थंड रस निवळून बाटलीत भरला आणि टिकावा म्हणून बाटली गरम पाण्यात ठेवली, तर आत विरघळलेली प्रथिनं गोठतात आणि नितळ रस बाटलीतच पुन्हा गढूळ होतो. म्हणून ही प्रथिनं आधीच गोठवून काढायची. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवा, त्यात रसाचं भांडं ठेवा, थर्मामीटरवर ८० अंश सेल्सिअस झाले की ५ मिनिटं तेवढंच राखा आणि लगेच गार पाण्याच्या परातीत उतरवा. थेट आचेवर तळ करपतो. उकळी येऊ देऊ नका, कारण डाळिंबाचा लाल रंग जास्त उष्णतेने तपकिरीकडे झुकतो.

यातच दुसरं काम होतं: रस आंबत नाही. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ओट्यावर ठेवलेला कच्चा रस काही तासांत फसफसू लागतो. बुडबुडे वर येत राहतात, सोबत साका वर आणतात आणि असा रस कितीही थांबलात तरी निवळत नाही. तो टाकून द्यावा. ‘आंबलाच आहे तर होऊ दे वाइन’ हा विचारही नको. बिअर असो की वाइन, ती बनवायला महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे परवाना लागतो.

गार झालेला रस उंच काचेच्या बरणीत भरा आणि फ्रिजमध्ये २४ ते ४८ तास न हलवता ठेवा. दार वारंवार उघडलं जातं त्या फ्रिजमध्ये बरणी सर्वांत मागे ठेवा. वीस-तीस लिटर असेल तर थर्माकोलचा खोका आणि बर्फ हे जास्त सोयीचं पडतं. वरचा रस ओतून घेऊ नका, नळीने काढा. मेडिकलमधून सलाइनची नवी नळी आणा, ती स्टीलच्या सळईला बांधा आणि तोंड साक्याच्या ३-४ सेंटिमीटर वर राहील अशी बरणीत सोडा. नळी आधी उकळून गार केलेल्या पाण्याने भरून घ्या म्हणजे तोंडाने ओढावं लागत नाही. सुरुवातीचं पाणी वेगळ्या वाटीत जाऊ द्या. तळचा भाग सोडून द्यायला मन मोठं लागतं, पण शेवटच्या वाटीभर रसाच्या मोहात अख्खी बरणी ढवळून निघते.

आता पुन्हा टॉर्च मारा. पट्टा गेला असेल तर काम झालं.

पट्टा राहिला तर

उरलेला धूसरपणा बहुतेक वेळा प्रथिनं आणि टॅनिन यांच्या जोडगोळीचा असतो. बिअर थंड केली की धुरकटते आणि कोमट झाली की स्वच्छ होते, तेही याच जोडीमुळे. तुमचाही रस फ्रिजमध्ये धुरकटून बाहेर निवळत असेल तर निदान पक्कं समजा.

यावर जुना, नेमका उपाय जिलेटिनचा. रसाच्या आंबटपणात जिलेटिनवर धन भार असतो, ते टॅनिनला धरतं आणि गुठळ्या होऊन खाली बसतं. प्रमाण अंदाजाने घालायचं नाही. १ ग्रॅम साधं, बिनचवीचं जिलेटिन थोड्या थंड पाण्यात १५ मिनिटं फुगवा, ६० अंशांपर्यंत कोमट करून विरघळवा, उकळू नका, आणि पाणी घालून १०० मिलिलिटर करा. चार ग्लासांत प्रत्येकी १०० मिलिलिटर थंड रस घ्या. एकात काहीच नाही, बाकीच्यांत सिरिंजने २.५, ५ आणि १० मिलिलिटर द्रावण घाला. म्हणजे लिटरला पाव, अर्धा आणि एक ग्रॅम. ढवळा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी ज्या सर्वांत कमी मात्रेत रस नितळ झाला असेल तीच घ्या. अर्धा ग्रॅम ठरला तर ५ लिटरला २.५ ग्रॅम जिलेटिन ५० मिलिलिटर पाण्यात विरघळवून, रस ढवळत असताना बारीक धारेने घाला, २४ तास थंडीत ठेवा आणि नळीने काढा.

जास्त घातलं तर रस फिका पडतो, त्याची चव बोथट होते आणि वर उरलेलं जिलेटिनच नवा धूसरपणा आणतं. तो काढायला बेंटोनाइट माती लागते. लिटरला अर्धा ग्रॅम, दहा ते वीस पट गरम पाण्यात २४ तास भिजवून, मग रसात. ही माती प्रथिनं ओढते, पण सोबत लाल रंगही नेते, म्हणून ती पहिला उपाय म्हणून वापरू नका. आणि फूड ग्रेडचीच घ्या. बोअर मारताना वापरतात ते बेंटोनाइट खाण्याच्या प्रतीचं नसतं.

जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून होतं, त्यामुळे पुष्कळ घरांत ते चालणार नाही. तिथे चायना ग्रास वापरा. त्याचं काम वेगळ्या तऱ्हेने चालतं: ते कशालाही चिकटून खाली बसत नाही, त्याच्या जाळीत कण अडकतात आणि नितळ रस गळून येतो. पूड साधी, साखर-इसेन्स नसलेली हवी. १ लिटर रसाला २ ग्रॅम पूड १५० मिलिलिटर पाण्यात ढवळत ३ मिनिटं उकळा. रसात उकळलं तर आंबटपणाने त्याची पकड कमी होते. आता रस ४० अंशांच्या आसपास कोमट करून, या गरम द्रावणात थोडा थोडा ओतत ढवळा. उलट करू नका. थंड रसात चायना ग्रास ओतलं की जागीच दोरे धरतात आणि जाळी होत नाही. भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवा. मऊ, थरथरती जेली झाली की चमच्याने हलके तुकडे करा, कापडात घाला आणि बरणीवर टांगा. पिळायचं नाही, अगदी शेवटी फडकं हलकं दाबलं तर चालतं, पण रस धुरकट येऊ लागला की थांबा. पाणी मिसळल्यामुळे रस थोडा पातळ होतो आणि जेलीत काही अडकून राहतो, हा या पद्धतीचा तोटा. फडक्यातली जेली साखर घालून पुन्हा तापवून वाटीत ओता, मुलं संपवतात.

पाणी निवळायला तुरटी फिरवतात म्हणून ती रसात फिरवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तुरटीचे गुच्छ व्हायला पाणी जवळजवळ उदासीन असावं लागतं. डाळिंबाच्या आंबट रसात ते होत नाहीत, नुसता तुरटपणा वाढतो आणि रंग निळसर-जांभळ्याकडे सरकतो.

जिलेटिननेही फरक पडला नाही तर पेक्टिन, म्हणजे फळातलं जेली धरणारं द्रव्य, तपासा. दोन चमचे सर्जिकल स्पिरिटमध्ये एक चमचा रस घाला. थोड्या वेळात जेलीसारखे लोळ दिसले तर पेक्टिन आहे. (हे मिश्रण पिऊ नये, ओतून द्यावं.) नुसत्या दाण्यांच्या रसात पेक्टिन फारसं नसतं. ते सापडलं तर बहुधा पडदे आणि साल दाबले गेलेत. पेक्टिन तोडणारं पेक्टिनेज एन्झाइम पाकिटावरच्या मात्रेत, ४५ ते ५० अंशांच्या रसात घालून तास-दोन तास ठेवा, पुन्हा ८० अंशांना नेऊन एन्झाइम बंद पाडा आणि थंडीत बसू द्या. ८० अंशांच्या रसात थेट घातलं तर ते काम सुरू करण्याआधीच मरतं.

भरण्याआधी छोट्या बाटलीत थोडा रस घेऊन ८० अंशांच्या पाण्यात अर्धा तास आणि मग रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून पाहा. नितळ राहिला तर बाकीचा भरा. बाटलीत दोन बोटं जागा सोडा, झाकण लावा, पातेल्याच्या तळाशी फडकं अंथरून ८० अंशांच्या पाण्यात २५ मिनिटं ठेवा. गरम बाटली थंड फरशीवर ठेवू नका, तडकते. काही आठवड्यांनी तळाशी करड्या-पिवळट भुकटीचा पातळ थर दिसेल. ते बहुतेक करून टॅनिनपासून सुटलेलं एलॅजिक ॲसिड असतं, त्याने अपाय नाही. बाटली न हलवता ओतलीत तर ते तळाशीच राहतं. पण झाकण फुगलं किंवा उघडताना फुस्स आवाज आला, तर तो रस चाखूनही पाहू नका.