घराआधी स्टेशन ठरवा

मुंबईत एकट्यासाठी घर शोधताना आधी भाडं बघितलं जातं आणि रोजच्या प्रवासाचे हाल नंतर कळतात. क्रम उलटा ठेवा.

१. ऑफिसजवळच्या स्टेशनच्याच लाइनवर घर बघा. दादरला पश्चिम रेल्वेवरून मध्य रेल्वेवर किंवा उलट, अशी लाइन बदलायची म्हणजे पुलावरच्या गर्दीतच वेळ जातो. ऑफिस बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) असेल तर वांद्रे आणि कुर्ला, दोन्ही बाजू खुल्या. अंधेरी पूर्वेला असेल तर मेट्रोमुळे घाटकोपरही चालतं.

२. शक्यतो लोकल जिथून सुटते ते स्टेशन निवडा: बोरिवली, ठाणे, कल्याण. तिथे बसायला जागा मिळण्याची शक्यता असते. मधल्या स्टेशनवर ऐन गर्दीत नुसतं चढणंही कठीण.

३. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी साडेआठला घर ते ऑफिस प्रत्यक्ष जाऊन बघा. रविवारच्या फेरीवरून काहीच कळत नाही. त्याच रात्री साडेदहाला स्टेशनपासून इमारतीपर्यंत चाला, दिवे आणि शेअर रिक्षाची रांग बघा. (दादर-परळकडे रिक्षा नाहीत.) वॉचमनला पाण्याची वेळ विचारा, पाणी फक्त सकाळी येत असेल तर एकट्याची फार ओढाताण होते.

एकट्या भाडेकरूला सोसायटीची परवानगी आहे का, हे सेक्रेटरीलाच विचारून घ्या. दलालाच्या शब्दावर टोकन देऊ नका.