मटकीची उसळ बिघडते कुठे? या चुका टाळा

मोडाच्या मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा आणि लिंबाची फोड. रोजच्या धावपळीत याहून सोपं आणि पोटाला चांगलं जेवण मला तरी माहीत नाही. तरी कितीतरी घरांत उसळ होत नाही. एकदा मटकीला वास आला, एकदा दाणे टणक राहिले, एकदा कुकरमध्ये पार लगदा झाला, की माणूस त्या वाटेलाच जात नाही. खरं तर उसळीचं निम्मं काम आदल्या दिवशीच होतं आणि बिघडतं तेही बहुतेक तिथेच.

मटकी रात्री भिजत घातली की सकाळी उपसायची. 7-8 तास पुरतात. दुपारपर्यंत पाण्यातच राहिली तर दाण्यांना हवा मिळत नाही, पाण्याला फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. भांडं मोठं घ्या, मटकी फुगून दुप्पट होते. उपसल्यावर ताटात पसरून एकदा हात फिरवा. जे दाणे बारीक आणि खड्यासारखे कडक लागतील ते गणंग. ते वेचून टाका. कितीही शिजवले तरी ते शिजत नाहीत आणि नेमके दाताखाली येतात.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, ती म्हणजे निथळणं. ओलीगच्च मटकी तशीच फडक्यात बांधली की तळाशी पाणी साचतं आणि चिकटपणा तिथूनच सुरू होतो. 15-20 मिनिटं चाळणीत राहू द्या, मग पिळलेल्या सुती फडक्यात सैलसर बांधा. गच्च झाकणाच्या डब्यात कोंडू नका. उन्हाळ्यात 10-12 तासांत छान मोड येतात, थंडीत दीड दिवसही लागतो. परदेशात थंड हवेत राहणाऱ्यांनी पुरचुंडी बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवावी, तेवढी ऊब पुरते. फडकं सुकलं तर पाण्याचा हबका मारा. दाण्याएवढा मोड झाला की थांबा, लांब मोड ढवळताना तुटतात. आणि मटकी बुळबुळीत लागली किंवा वास आला, तर धुऊन वापरायचा मोह नको. ती टाकूनच द्या.

आता शिजवणं. मोडाच्या मटकीला कुकर नकोच, दुसऱ्या शिट्टीला तिचं पिठलं होतं. कढईत मोहरी, हिंग, हळद, कढीपत्त्याची फोडणी करा, कांदा परता, मटकी घालून दोन मिनिटं हलवा आणि वर ताटली ठेवून तिच्यात पाणी ओता. खालच्या वाफेने ते पाणी तापतं. लागेल तसं तेच उसळीत घालायचं. थंड पाणी ओतलं की उकळी मोडते आणि शिजणं लांबतं. 12-15 मिनिटांत दाणा बोटांनी सहज दाबला जातो, पण फुटत नाही. तिथेच थांबायचं.

दाणे टणकच राहत असतील तर आंबट कधी घालता ते पाहा. आमसूल, चिंच, टोमॅटो, काहीही असो, दाणा शिजल्यावरच घाला. आंबटाने कडधान्याची सालं मऊ पडत नाहीत. गोडा मसाला आणि गूळही त्याच वेळी. लवकर शिजावं म्हणून चिमूटभर सोडा टाकायची सवय मात्र सोडा. त्याने ब 1 जीवनसत्त्व नष्ट होतं आणि चवही साबणासारखी लागते. जुनी, वर्षभर डब्यात पडलेली मटकी कशानेच नीट शिजत नाही, तेव्हा थोडी थोडी आणा.

मटकीचे नियम सगळ्या कडधान्यांना लावू नका. वालांना मोड आल्यावर कोमट पाण्यात घालून सोलावं लागतं. राजमा तर भिजवलेलं पाणी टाकून, कुकरमध्ये पुरता मऊ होईपर्यंतच शिजवायचा. कच्चट राजम्याने उलट्या-जुलाब होतात. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना कच्चे मोडही देऊ नका, शिजवूनच द्या.

आणि ती लिंबाची फोड नुसती शोभेला नसते. कडधान्यातलं लोह अंगी लागायला लिंबातलं क जीवनसत्त्व मदत करतं, म्हणून उसळ वाढल्यावर वरून पिळा. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह कमी शोषलं जातं. चहा तासाभराने घ्या.