कवडीपाटला चक्रवाक बघायला जाताय? मग हे वाचून जा

पक्षी बघण्यात नवीन असाल तर भिगवणच्या (उजनी धरणाच्या पाण्यावरचं पक्षी बघायचं ठिकाण) आधी कवडीपाट करा, पुण्यातून पहाटे निघालं की उजाडायच्या आत पोचता येतं. सोलापूर रोडने हडपसर मागे टाकायचं, लोणी काळभोरच्या अलीकडे डावीकडे मुळा-मुठा नदीकडे वळायचं. डिसेंबर-जानेवारी बेस्ट. दुर्बीण ८ बाय ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिमीची) पुरते, आणि ऊन पाठीवर येईल असं उभं राहायचं, नाहीतर समोर नुसत्या काळ्या सावल्या दिसतात. नदीला वास येतो, फेस असतो, प्लॅस्टिक तर विचारू नका, बघून जीव तुटतो, तरी पक्षी येतातच.

नारिंगी अंगाची मोठी बदकं दिसली की ते चक्रवाक, लडाख-तिबेटकडून आलेले. आता दुर्बीण जरा खाली ठेवा आणि विचार करा, यांना वाट कोण सांगतं? पक्ष्यांना दिवसा सूर्य, रात्री तारे आणि शिवाय पृथ्वीचं चुंबकत्व, असे दोन-तीन होकायंत्रं असतात, एक ढगाआड गेलं तर दुसरं चालतं. पण दिशा कळणं वेगळं आणि जागा कळणं वेगळं, हे मला सगळ्यात भारी वाटतं. १९५० च्या दशकात पेर्डेक नावाच्या डच शास्त्रज्ञाने स्थलांतर करणाऱ्या ११ हजारांवर स्टार्लिंग जातीच्या मैना हॉलंडमध्ये पकडून विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडल्या. मोठ्या मैनांनी दिशा बदलली आणि त्या आपल्या नेहमीच्या जागेकडे गेल्या, पण पहिल्यांदाच निघालेली पिल्लं जुन्याच दिशेने उडत राहिली आणि पार स्पेनपर्यंत पोचली. म्हणजे निदान या मैनांना दिशा जन्मतः मिळते, जागा मात्र एकदा जाऊन यावं लागतं तेव्हा कळते.

म्हणून थव्यावर चालून जाऊन उडतानाचे फोटो काढू नका प्लीज, त्यात पहिल्यांदाच आलेलेही असतात आणि ते ही जागा आत्ता शिकतायत. बांधावर एका जागी वीस मिनिटं गप्प बसा, पक्षी स्वतःहून जवळ येतात.

एक वही ठेवा. सुरुवात घरापासून करा, पावसाळा संपताना सोसायटीच्या लॉनवर किंवा गच्चीत शेपटी वरखाली हलवत धोबी पक्षी दिसतो, तो पहिल्यांदा दिसला ती तारीख लिहा, दरवर्षी लिहा. चक्रवाकांची पण लिहा, आणि मार्चमध्ये कवडीपाटला परत एक चक्कर मारा, तोवर बरेचसे उत्तरेला निघालेले असतात, शेवटचा कधी दिसला तीही तारीख टाका.