रेशमाचा पतंग आणि ऑक्टोपस: तुलना करताना या चुका टाळा

सोलापुरातल्या शाळांना विज्ञान प्रदर्शनासाठी पतंग हा कीटक आणि ऑक्टोपस यांच्या तुलनेचा तक्ता करायचा असेल, तर पतंग रेशमाचाच घ्यावा. जिल्ह्यात तुती लावणारे शेतकरी आहेत. अळी, कोष, पतंग सगळं डोळ्यांनी पाहता येतं. ऑक्टोपस मात्र मुलांना व्हिडिओतच भेटतो आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो. ऑक्टोपसच्या सुमारे ३०० जाती आहेत. एकीचं वजन, दुसरीचं विष, तिसरीचं आयुष्य एकाच रकान्यात भरलं जातं. म्हणून आधी जात ठरवा: रेशमाच्या पतंगाची बॉम्बिक्स मोरी आणि ऑक्टोपसची ऑक्टोपस व्हल्गॅरिस.

आयुष्याची ओळ हमखास चुकते. ‘पतंग आठवडाभर जगतो, ऑक्टोपस एक-दोन वर्षं.’ मग अळीचे साधारण २५ दिवस आणि कोषातले दिवस कुठे गेले? ऑक्टोपसला कोषाची अवस्थाच नाही. अंड्यातून चिमुकला ऑक्टोपसच बाहेर पडतो. दोन्हीकडे अंडं फुटल्यापासून मोजा.

ऑक्टोपसबद्दल ‘तीन हृदयं, निळं रक्त’ एवढं लिहून थांबू नका. निळेपणा तांबं असलेल्या हिमोसायनिन या रक्तातल्या प्रथिनाचा. ते प्राणवायू वाहून नेतं. पतंगाचं रक्त हे काम करत नाही, हवा श्वासनलिकांतून थेट पेशींपर्यंत पोचते.

सगळ्यात जपून लिहायचं साम्य म्हणजे ‘दोन्ही माद्या अंडी घातल्यावर न खाता मरतात’. घटना खरी, पण कारणं अगदी वेगळी. पतंगाच्या मादीला खाता येईल असं तोंडच नसतं; अळी असताना खाल्लेल्या तुतीच्या पाल्यावर तिचं सगळं भागतं. ऑक्टोपसच्या मादीची चोच, म्हणजे तोंडातला कठीण जबडा, शाबूत असते. तरी ती अंड्यांवर पाणी सोडत, ती साफ करत बसते आणि खाणं सोडते. जेरोम वोडिन्स्की या संशोधकांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माद्यांच्या डोळ्यांमागच्या ग्रंथी काढल्या. त्या माद्यांनी अंडी सोडली, पुन्हा खाऊ लागल्या आणि जास्त जगल्या. किती विलक्षण गोष्ट! मात्र तो प्रयोग ऑक्टोपस हमलिंकी या जातीवर झाला होता; तक्त्यात ते नाव लिहाच. ‘साम्य’ या रकान्याशेजारी ‘कशामुळे’ असा रकाना आखला, तर अशा जागा आपोआप सापडतात.

कोषातून पतंग बाहेरच आला नाही, अशी तक्रार असते. धाग्यासाठी उष्णता देऊन वाळवलेल्या कोषातला जीव मेलेला असतो. शेतकऱ्याकडून ताजे, जिवंत कोष मागा आणि प्रदर्शनाच्या दोन आठवडे आधी आणून सावलीत ठेवा.