गांधीलमाशीचं पोळं काढताय? आधी शिडी खाली ठेवा

पाऊस उघडला की आमच्या मखमलाबादकडे दोन घरांआड हाच विषय, कोणाच्या टाकीखाली, कोणाच्या छज्ज्याला, कोणाच्या गेटच्या पोकळ पाईपात गांधीलमाश्यांनी पोळं केलेलं असतं. आमच्या मामांनी मागे बांबूला चिंध्या गुंडाळल्या, रॉकेल ओतलं, पेटवलं आणि भर दुपारी शिडीवर चढले. पोळं राहिलं तिथंच, मामा खाली आले, मनगट मोडलं आणि डोळा दोन दिवस उघडेना. म्हणून हे लिहितोय.

पहिलं म्हणजे नक्की काय आहे ते लांबून बघा. उंच झाडाला नाहीतर बिल्डिंगला हात-दोन हात लांब लोंबतंय आणि वरून सगळ्या माश्याच माश्या दिसतायत तर ते आग्या मोहोळ, त्याच्या वाटेला जायचंच नाही, जाणकार मधवाल्याला बोलवा. भिंतीला मातीचा गोळा असेल तर ती कुंभारीण, बिचारी एकटी असते, उगाच अंगावर येत नाही, ते ओलं करून खरवडलं तरी झालं. गांधीलमाशीचं पोळं राखाडी कागदासारखं असतं, ती लाकूड कुरतडून लाळेत कालवून करते ते. बरेचदा एका देठाला लटकतं आणि खालून घरं उघडी दिसतात. मधमाशीची नांगी आपल्या अंगात तुटून राहते, हिची नाही, त्यामुळे एकच माशी चार वेळा डसू शकते.

आणि खरंच काढायचंय का? परसाच्या टोकाला असेल तर मी तरी राहू देतो, भाजीवरच्या अळ्या उचलून नेतात त्या. (द्राक्षं पिकली की घडावर पण बसतात, ते वेगळं.) दारात, पोरांच्या वाटेवर असेल तर मात्र काढा.

तळहाताएवढं आणि जमिनीवरून पोचेल असं असेल तरच स्वतः हात घाला. बॉलएवढं बंद पोळं, भिंतीच्या भोकातलं किंवा शिडी लागेल असं असेल तर पेस्ट कंट्रोलवाला. भोक सिमेंटने बुजवू नका, माश्या दुसरीकडून, कधीकधी घरातच निघतात. ज्याला आधी डसल्यावर अंगभर गांधी उठल्या किंवा दम लागला त्याने तर लांबच राहायचं.

वेळ अंधार पडल्यावरची, सगळ्या पोळ्यावर असतात आणि गारव्याने सुस्तावतात, थंडीत तर अजून बरं. जाड जीन्स, रेनकोट, हातमोजे, बूट आणि काच खाली केलेलं हेल्मेट, गळ्याला उपरणं. टॉर्चवर लाल जिलेटिन पेपर लावा, लाल उजेड त्यांना फारसा दिसत नाही. पळायची वाट आधी मोकळी करा, पोरं आणि कुत्रं घरात.

लिटरभर पाण्यात तीन-चार चमचे भांडी घासायचं लिक्विड टाकून लांब फवारा जाणाऱ्या पंपाने पोळं चिंब करा, साबणाने त्यांची श्वासाची छिद्रं बंद होतात. नाहीतर दुकानातला उडणाऱ्या किड्यांचा स्प्रे, पण लाईटच्या बोर्डाजवळ दोन्ही नको. पंप तणनाशकाचा नसावा, आणि बागेचं उरलेलं औषध घरात मारायचं नाही, आपल्याकडे ही सवय फार. पेट्रोल-रॉकेलचं नाव पण काढू नका. मारलं की थांबून बघत बसायचं नाही, सरळ आत जायचं.

तरी डसलीच तर साबणाने धुवून बर्फ लावा. ओठ-जीभ सुजली, दम लागला, चक्कर आली किंवा खूप ठिकाणी डसली तर घरगुती उपाय करत न बसता लगेच 108 ला फोन.

सकाळी हालचाल नाही बघून काठीने पोळं पाडा, पिशवीत बांधा, देठ खरवडा आणि जागेवर तेलाचा हात फिरवा म्हणजे नवीन पोळं चिकटायला अवघड जातं. बाहेर राहिलेल्या दोन-चार माश्या एक-दोन दिवस तिथंच घिरट्या घालतात, त्यांच्यावर झाडू उगारू नका, जातात आपोआप.