जुना गेम निवडताना त्याचा जाच आधी बघा

गेमच्या ऑनलाइन दुकानातला सेल संपला की आपल्या लायब्ररीत पाच-सात जुने गेम येऊन पडतात, आणि मग रात्री जेवणं आटपून समोर बसलं की अर्धा तास नुसती यादी वर-खाली करण्यात जातो, शेवटी यूट्यूब लावायचं आणि झोपायचं. 'ऑल टाइम टॉप हंड्रेड'वाल्या याद्यांनी हा घोळ सुटत नाही, उलट वाढतो, कारण त्या याद्या सांगतात की त्या काळी कुठला गेम गाजला, पण मंगळवारी रात्री दहा वाजता दमून आलेल्या माणसाला तो झेपेल का हे कुणी सांगत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. जुना गेम किती भारी आहे ते नंतर, त्याचा जाच कुठला आहे ते आधी बघा. प्रत्येक जुन्या गेमला एक तरी जाच असतोच, सेव्हचा, कॅमेऱ्याचा, कंट्रोलचा नाहीतर वाचायचा, आणि आपण गेम अर्धवट सोडतो तो बहुतेक वेळा या जाचामुळेच, गोष्ट वाईट आहे म्हणून नाही.

त्याआधी एक ढीग बाजूला काढा, लहानपणी खेळलेल्यांचा. व्हाइस सिटी, आयजीआय, मोस्ट वाँटेड, क्रिकेट ०७ वगैरे. सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून किंवा मित्राच्या मोठ्या भावाच्या पीसीवर खेळलेले हे गेम 'पुढे काय खेळू' या प्रश्नाचं उत्तर नाहीत, ती आठवण आहे, तिला एक शनिवार-रविवार द्या आणि मोकळे व्हा. तिथेही जरा जपून. आयजीआय (२०००) आठवतो तो स्नायपर आणि झिपलाइनसाठी, पण एकूण १४ मिशन आणि मिशनच्या मध्ये सेव्ह अजिबात नाही, म्हणजे पाऊण तास सरपटत जायचं, कॅमेऱ्याने बघितलं की अलार्म, बराकीतून माणसं बाहेर, आणि परत पहिल्यापासून. शाळेत असताना वेळ होता. व्हाइस सिटीतही आपल्यापैकी कितीतरी जण ते रिमोटच्या हेलिकॉप्टरने बांधकामावर चार बॉम्ब ठेवायचं मिशन कधी पार करूच शकले नाहीत, चीट टाकून रणगाडा काढायचा आणि फिरायचं एवढाच आपला व्हाइस सिटी, त्यामुळे गोष्ट खरंतर बघायचीच राहिलीये असंही निघू शकतं.

आता खरे उमेदवार, म्हणजे नाव ऐकलंय पण खेळलेले नाहीत असे. यात पहिला प्रश्न सेव्हचा, आणि ज्यांच्या घरात लहान मूल आहे किंवा ज्यांना ऑन-कॉल असतो त्यांच्यासाठी तर पहिला आणि शेवटचाही. हाफ-लाइफ (१९९८) कुठेही, कधीही क्विक सेव्ह करू देतो, बेल वाजली, बटण दाबलं, उठलात, संपला विषय. याउलट पहिला रेसिडेंट ईव्हल (१९९६) घ्या, तिथे सेव्ह करायला टाइपरायटर शोधावा लागतो आणि वर त्याची शाईची रिबन लागते, ती मोजकीच मिळते आणि खिशातली एक जागाही अडवते. त्या गेमची अर्धी भीती या रिबनमध्येच आहे हे मान्य, पण ती भीती मजेची वाटायला सलग दीड तास हातात पाहिजे. नसेल तर तो गेम वाईट नाही, तुमचा हा महिना त्याचा नाही एवढंच.

मग हात आणि कॅमेरा. साधारण २००१ नंतरच्या शूटरमध्ये हाताला जे सवयीचं आहे ते बरंचसं तसंच सापडतं, त्याच्या मागे जाल तसा प्रत्येकाचा कायदा वेगळा. ९० च्या दशकातल्या काही थ्रीडी गेममध्ये टँक कंट्रोल असतात, म्हणजे कॅमेरा कुठूनही बघू दे, वरचं बटण दाबलं की माणूस स्वतःच्या नाकासमोर चालणार. पहिला तासभर डोकं फिरतं, मग सवय होते, काहींना कधीच होत नाही. ग्रिम फँडँगो (१९९८) हा माझ्या मते आजवरच्या सगळ्यात सुंदर लिहिलेल्या गेमपैकी एक, पण त्या कंट्रोलपायी लोक पहिल्या ऑफिसातच भिंतीला धडकून सोडून द्यायचे. २०१५ च्या रीमास्टरमध्ये, म्हणजे त्याच गेमच्या घासूनपुसून काढलेल्या आवृत्तीत, माउसने क्लिक करून चालता येतं, त्यामुळे आता ती सबब नाही.

सगळ्यात जास्त लोकांना गंडवणारा जाच मात्र वेगळाच, तो म्हणजे गेम तुम्हाला काही सांगतच नाही. मोरोविंड (२००२) हे याचं ठळक उदाहरण. त्याच मालिकेतला नंतरचा स्कायरिम आवडला म्हणून लोक उत्साहाने मोरोविंड घेतात, सेडा नीन नावाच्या पहिल्याच गावाबाहेर एका खेकड्यावर सुरी चालवतात, सुरी डोळ्यांदेखत खेकड्याच्या आरपार जाते आणि गेम म्हणतो लागली नाही. चार वेळा झालं की अनइन्स्टॉल. प्रकार असा आहे की तिथे वार लागणं न लागणं आतल्या आत फासे टाकून ठरतं, त्या हत्याराचं तुमचं कौशल्य किती आणि दम किती यावर, आणि धावत गेलात की दमाची हिरवी पट्टी रिकामी होते. म्हणून सुरुवातीला पात्र बनवताना जे हत्यार वापरणार तेच मुख्य कौशल्यात घ्या आणि भांडणाच्या आधी चालत जा, धावू नका, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. नकाशावर बाण नाही, लोक तोंडी पत्ता सांगतात, अमुक पूल ओलांड, मग डावीकडे टेकडी लागेल वगैरे. मला स्वतःला हे प्रचंड आवडतं, वही घेऊन बसते मी. तुम्हाला वही घ्यायची कल्पनाच कंटाळवाणी वाटत असेल तर मोरोविंड यादीतून काढा, ग्रेट असला तरी काढा.

वाचायच्या जाचाबद्दल फार सांगत नाही. प्लेनस्केप टॉरमेंट (१९९९) म्हणजे जवळपास जाडजूड कादंबरी आहे, दिवसभर स्क्रीनवर वाचूनच पोट भरणाऱ्यांनी सुट्टीत हात लावावा.

बरं, जाच ठरला, पण नावं कुठून आणायची? तर याद्यांमधून नाही, स्वतःला आवडलेल्या गेमपासून एकेक पायरी मागे जा. एकेकच, उडी नको. बाल्डर्स गेट ३ (२०२३) संपवून थेट बाल्डर्स गेट २ (२०००) लावलात तर आपटणार, कारण तिथे लढाई पाळीपाळीने नाही, सगळे एकदम सुटतात आणि तुम्ही मध्ये पॉज करून हुकूम द्यायचे, शिवाय नियम डी अँड डीच्या, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर खेळायच्या गेमच्या, जुन्या आवृत्तीचे, चिलखताचा आकडा जितका कमी तितका चांगला, हे उलटं गणित डोक्यात बसेपर्यंत निम्मी टोळी मेलेली असते. मध्ये ड्रॅगन एज ओरिजिन्स (२००९) घ्या, पॉज करून लढायची सवय तिथे लागते, मग मागे जा. तसंच स्कायरिमवरून ऑब्लिव्हियन (२००६), मग मोरोविंड.

अजून एक युक्ती, गेमच्या नावापेक्षा माणसांच्या नावामागे जा. डिसऑनर्ड (२०१२) ज्या दोघांच्या दिग्दर्शनाखाली बनला त्यातला हार्वी स्मिथ हा डेअस एक्स (२०००) चा लीड डिझायनर होता, म्हणजे 'दारातून जा, गटारातून जा, नाहीतर बोलून पटव' ही जी मोकळीक डिसऑनर्डमध्ये आवडली तिचं माहेर कुठे आहे ते कळलंच. दिग्दर्शक फुमितो उएदाचा शॅडो ऑफ द कोलोसस (२००५) आवडला असेल तर इको (२००१) बघितल्याशिवाय राहू नका. रेसिडेंट ईव्हलवाल्या शिंजी मिकामीचं नाव धरलंत तर पहिल्या रेसिडेंट ईव्हलपासून चौथ्यापर्यंत (२००५) एकाच माणसाचं डोकं कसं बदलत गेलं ते दिसतं.

आता व्हर्जन, आणि इथे पैसे वाया जातात म्हणून नीट वाचा. रीमास्टर म्हणजे चांगलंच असं अजिबात नाही. जीटीएच्या तीन जुन्या गेमचं २०२१ मध्ये जे एकत्र पॅकेज आलं ते सुरुवातीला इतकं बगने भरलेलं होतं की कंपनीला माफी मागावी लागली. वॉरक्राफ्ट ३ चं २०२० मधलं रीफोर्ज्ड पण तसंच बदनाम झालं. उलट एज ऑफ एम्पायर्स २ (१९९९) ची २०१९ ची डेफिनिटिव्ह एडिशन डोळे झाकून घ्या. रेसिडेंट ईव्हल २ चा २०१९ चा रीमेक, म्हणजे पहिल्यापासून नव्याने बनवलेला गेम, उत्तम आहे, पण तो १९९८ च्या गेमचं नवं रूप म्हणून घेऊ नका, तो वेगळाच गेम आहे. हाफ-लाइफला तर २०२३ मध्ये पंचविशीनिमित्त नवं अपडेट मिळालं, वाइडस्क्रीन वगैरे व्यवस्थित चालतं, त्यामुळे ब्लॅक मेसा (२०२०) हा चाहत्यांनी केलेला रीमेक नंतर खेळा, आधी मूळ.

मूळ गेम घ्यायचा ठरला की खरेदीआधी पीसी गेमिंग विकीवर त्याचं पान उघडा, नव्या विंडोजवर काय बिघडतं आणि उपाय काय ते तिथे मिळतं. फार बारीक गोष्टी असतात हो. जीटीए सॅन अँड्रियासमध्ये सेटिंगला फ्रेम लिमिटर नावाचा, सेकंदाला किती चित्रं दाखवायची ते बांधून ठेवणारा पर्याय आहे, गेम अडखळतोय म्हणून तो बंद केला की चालतो मस्त, पण आतली बरीच गणितं फ्रेमच्या वेगाला बांधलेली असल्यामुळे सीजेचं, म्हणजे आपल्या हिरोचं, पोहणंच मंदावतं, आणि माणूस समजतो गेमच तसा आहे. ही कटकट नको असेल तर जीओजीवर बघा, २००८ मध्ये जुने गेम विकायलाच ती साइट सुरू झाली, बरेच गेम आजच्या मशीनवर चालतील असे करून देतात आणि डीआरएम, म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप, नसतं.

आणि मिळतोय का हे पण आधीच बघा, उगाच जीव लावू नका. अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास केला, त्यात २०१० च्या आधी तिथे आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकतच मिळत नाहीत असं निघालं. आपल्या लाडक्या मोस्ट वाँटेडची (२००५) तीच गत.

उमेदवार दोन-तीन उरले की एक संध्याकाळ चाचणी घ्या, पण घड्याळ लावून नको. हाफ-लाइफची सुरुवात म्हणजे नुसता ट्रामचा प्रवास, पंधरा मिनिटांत निकाल लावलात तर अन्याय होईल. गेमची जी खास गोष्ट आहे ती समोर येईपर्यंत खेळा. थीफ (१९९८) मध्ये ती पहिल्याच चोरीत येते. लॉर्ड बॅफर्डच्या वाड्यात शिरायचं, स्क्रीनच्या खाली एक रत्न दिसतं, तुम्ही उजेडात असाल तर ते चमकतं, अंधारात काळं पडतं, मशाल आड येत असेल तर पाण्याचा बाण मारून विझवायची, गालिच्यावर पाय वाजत नाही आणि फरशीवर ठक ठक वाजतो, पहारेकरी 'कोण आहे रे' करून वळतो. कोपऱ्यात श्वास रोखून उभं राहण्यात मजा आली तर पुढे जा, नाही आली तर तो वाडा तिथेच सोडा, पुढे वेगळं काही देणार नाहीये तो. डेअस एक्स मात्र उलटा, पहिली लेव्हल लिबर्टी आयलंड सगळ्यात रुक्ष, ती पार करून न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर फिरल्याशिवाय सोडू नका.

अडलात तर गाइड बघा, त्यात कसला कमीपणा. मंकी आयलंडच्या (१९९०) २००९ च्या स्पेशल एडिशनमध्ये तर हिंट गेममध्येच आहे, आणि एक बटण दाबलं की तोच सीन जुन्या ग्राफिक्समध्ये दिसतो, तेवढं करण्यातच वेळ जातो माझा.

क्रम लावताना मोठ्यानंतर छोटा ठेवा. हाऊ लाँग टू बीट या साइटवर अंदाजे तास बघून घ्या, बाल्डर्स गेट २ नंतर लगेच मोरोविंड म्हणजे थेट दिवाळीच उजाडेल, मध्ये पोर्टल (२००७) टाका, तीन-चार तासांत संपतो, आणि एका वेळी दोनाच्या वर इन्स्टॉल करू नका.

एवढं वाचूनही ठरत नसेल तर मॅक्स पेन (२००१) लावा. सेव्ह कुठेही, कंट्रोल आजचेच, आठवडाभरात संपतो, स्लो मोशनमध्ये उडी मारून गोळ्या झाडायची मजा अजून तशीच आहे. नव्या विंडोजवर त्याचा आवाज गायब होतो, छोटासा पॅच आहे, तो आधी टाका. आणि ती स्वप्नातली, काळोखात रक्ताच्या रेघेवरून चालायची लेव्हल आली, बाळाचं रडणं ऐकू यायला लागलं की आवाज कमी करा आणि वाट यूट्यूबवर बघून घ्या.